चिंचेनं घासलेलं जॅकेट

आमच्या घरात दर रविवारी अकरा मुलींच्या घामाचा वास यायचा. मी धरून बारा, पण स्वतःचा वास कुणाला येत नाही, म्हणून अकरा म्हणते. नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत अण्णांची खाट आणि माझी पुस्तकं, मागच्या खोलीत ओटा, मोरी आणि आईचे डबे. अण्णा अंबडच्या एका कारखान्यात होते आणि आई त्याच बाजूच्या आठ-दहा बिऱ्हाड नसलेल्या कामगारांना डबे द्यायची. त्यामुळे घराला एरवी फोडणीचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा, गरम भाकरीचा वास असे. रविवारी सकाळी मी खेळाच्या सामानाची गोणी घेऊन आले की तो वास कुठे जायचा कुणास ठाऊक. शेजारच्या काकू पदर नाकाला लावून विचारायच्या, काय गं, उंदीर मेलाय का? अण्णा म्हणायचे, उंदीर परवडला, तो एकदाच मरतो.

मी तलवारबाजी शिकत होते. हे सांगितलं की लोकांना घोडा आणि गड आठवतो. आमच्याकडे घोडा नव्हता. महापालिकेच्या एका शाळेचा हॉल होता, त्यात फरशीवर खडूनं आखलेली लांब पट्टी होती आणि पट्टीच्या दोन टोकांना तोंडाला जाळी लावलेल्या दोन मुली. तलवारी बोथट, टोकाला बटण असलेल्या. सामान सगळं सरांनी कुठून कुठून जमवलेलं, बारा जणींत मिळून वापरायचं. जाळीच्या मुखवट्याला गळ्याशी एक जाड कापडी पट्टा असतो, तो बारा हनुवट्यांचा घाम आणि बारा प्रकारची खोबरेल तेलं पिऊन काळा पडलेला. हातमोजा फक्त तलवारीच्या हाताला, त्यामुळे धुऊन दोरीवर टाकले की सगळे उजवेच हात लटकायचे. चाळीतली पोरं विचारायची, ताई, डावे कुठे गेले?

सरांनी धुण्याच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. पहिल्या महिन्यात सगळ्या जणींनी पाळी घेतली, मग एकेकीची आई नाही म्हणत गेली आणि गोणी आमच्याच दारात येऊन पडायला लागली. माझी आई नाही म्हणत नसे. नांदगावकडची बाई, पाण्याच्या एकेका हंड्याची किंमत ठाऊक असलेली, तरी पहाटे नळाला पाणी आलं की माझ्या गोणीसाठी दोन बादल्या बाजूला काढून ठेवायची. मोजे कोमट पाण्यात सोडा टाकून भिजवायचे, त्यात कडुलिंबाचा पाला. मुखवट्याचे पट्टे ब्रशनं घासायचे, जाळी पुसून लगेच उन्हात, नाही तर गंजते. बुटांत पेपरचे बोळे. हे सगळं मी एकटी करत नसे. यमुना यायची.

यमुना सुरगाण्याकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. नाशकात मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. वसतिगृहात गोणी न्यायची सोय नव्हती, म्हणून आपली पाळी चुकवल्यासारखं होतं असं वाटून ती दर रविवारी आमच्याकडे चालत यायची. बारीक, काळीसावळी, हाडं टणक. मी नाक दाबून एक मोजा धुवेपर्यंत तिचे चार पिळून व्हायचे. वासाचं तिला काही वाटत नसे. ती म्हणायची, माणसाचाच तर हाय. धुणं झालं की आई दोघींना मोरीबाहेर बसवून गरम भाकरी, मटकीची उसळ आणि कांदा वाढायची. यमुनाला आईचा ठेचा फार आवडायचा. सुट्टीहून येताना ती नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ आणायची आणि आईला तव्यावर भाकरी थापून दाखवायची, कारण आईच्या हातची नागलीची भाकरी हमखास चिरायची. आई मला म्हणायची, तुझ्यापेक्षा हीच माझी लेक शोभते. मला राग यायचा, तो मी चेहऱ्यावर दिसू देत नसे.

राग येण्याचं खरं कारण भाकरी नव्हतं. यमुना माझ्याहून चांगली खेळायची. तिचा एक वार होता, खाली वाकून उजव्या काखेखाली, बरगडीवर. येताना दिसायचा, समजायचा आणि तरी बसायचाच. सराव करताना आमच्याकडे दिव्याचं यंत्र नव्हतं, म्हणून सरांनी एक रीत घालून दिली होती. जिला टोक लागेल तिनं स्वतः डावा हात वर करायचा. समोरचीनं मागायचं नाही, सरांनी सांगायचं नाही. सर म्हणायचे, यंत्र नाही ते बरंच आहे, यंत्रानं माणूस आळशी होतो. यमुनासमोर माझा डावा हात इतक्यांदा वर गेला असेल की आज खांदा दुखतो तो त्यामुळेच, असं मी डॉक्टरांना गमतीनं सांगते.

त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. तीन जागा आधीच दुसऱ्या क्लबच्या मुलींनी पटकावल्या होत्या, चौथी यमुनाला किंवा मला. मला ती हवी होती, कारण अण्णांनी बजावलं होतं की वर्षभरात या घाणीतून काही निघालं नाही तर गोणी बंद. यमुनाचं प्रकरण वेगळं होतं. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की खेळात नाव निघालं तर बारावीपर्यंत ठेवतो, नाही तर द्राक्षाच्या कामाला माणसं निघतील त्यांच्याबरोबर तू चल, उन्हाळ्यात लग्न. हे तिनं मला मोरीवर, मोजे पिळता पिळता सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका, मी विसरलेले नाही.

निवडीच्या लढतीला दिव्यांची पेटी येणार होती आणि त्यासाठी लागतात ती जॅकेटं आमच्याकडे दोनच होती. नेहमीच्या पांढऱ्या कोटावरून घालायचं, बिनबाह्यांचं, धातूच्या बारीक तारा कापडात विणलेलं. आम्ही त्याला चंदेरी म्हणायचो. समोरचीचं टोक चंदेरीला टेकलं की पेटीवर रंगीत दिवा लागतो आणि गुण मिळतो. भलतीकडे, म्हणजे हातापायाला टेकलं तर पांढरा दिवा आणि गुण नाही. दोन चंदेरींपैकी लहान यमुनाला बसायची, मोठी मला. सरांनी शंभरदा सांगितलं होतं की चंदेरीला साबण नाही, ब्रश नाही, पिळणं नाही, थंड पाण्यात बुडवायची आणि तशीच लटकवायची. कारण विचारायची आमची पद्धत नव्हती आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत यमुना गावी गेली आणि गोणी आमच्या घरी पंधरा दिवस पडून राहिली. मोठ्या चंदेरीला उजव्या काखेखाली वर्षानुवर्षांच्या घामाचा काळा-हिरवा डाग होता आणि बुडवून बुडवून त्याचा वास हलत नव्हता. त्याच दिवसांत डबा घेणाऱ्यांपैकी एकानं डबा परत पाठवला, भाजीला कसला तरी वास येतो म्हणून. भाजीला येत नव्हता, घराला येत होता. संध्याकाळी आईनं दिवाळीची पितळेची भांडी काढली, चिंच भिजत घातली, मीठ घेतलं आणि घासायला बसली. समई, तांब्या, अण्णांच्या आईचा हंडा, एकेक सोन्यासारखं निघत होतं. मी समोर चंदेरी घेऊन उभी होते.

आई म्हणाली, "तांबं निघतं, पितळ निघतं, मग हे का नाय निघणार? आण इकडं."

मी सरांचं सांगणं तिला सांगितलं नाही. तिनं डबा परत आल्याचं तोंड दिवसभर वागवलं होतं आणि ते मला बघवत नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे मलाच तो वास नको होता. मी जॅकेट दिलं. एवढंच नाही, उजवी बाजू मी स्वतः काथ्यानं घासली, चिंचेचा कोळ चोळून, मीठ टाकून, समई घासावी तशी. पाणी काळं निघालं आणि डाग गेला. ताऱ्यासारखं चमकायला लागलं. आईनं ते नाकाला लावून वास घेतला, मला घ्यायला लावला, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. त्या दिवाळीतला तेवढाच आनंद मला नीट आठवतो. आठ दिवसांत ती चमक गेली आणि काखेखालचा भाग विटकरी, मेल्यासारखा दिसायला लागला. मी वरून पावडर लावून ठेवली.

निवडीच्या दिवशी सरांनी तपासणीची तार माझ्या छातीला लावली, पाठीला लावली, ठीक आहे म्हणाले. पाच गुणांची लढत होती. यमुनानं पहिले दोन गुण छातीवर घेतले, मी एक घेतला. मग ती खाली वाकली. तो वार आला तेव्हा मी नेहमीसारखाच उशीर केला आणि टोक बरगडीवर असं बसलं की श्वास अडकला. पेटीवर पांढरा दिवा लागला. सर म्हणाले, बाहेर, गुण नाही. यमुना पेटीकडे बघत राहिली. तिनं पुन्हा तोच वार केला, तिथेच, आणि पुन्हा पांढरा दिवा. सरांनी तिची तलवार तपासली, टोक माझ्या छातीला टेकवून पाहिलं, तर रंगीत दिवा लागला. तलवार चांगली होती. मग चूक तिच्या हाताचीच असणार.

मला तेव्हा कळलं, चिंच-मिठानं काखेखालच्या तारा मेल्या होत्या आणि पेटीला तिथं चंदेरीच दिसत नव्हती. कळायला फार हुशारी लागत नव्हती, बरगडी ठणकत होती आणि नाकात अजून चिंच होती. डावा हात वर करायचा होता, बस. सवयीनं तो थोडा उचललाही गेला होता, तो मी मांडीला पुसल्यासारखा करून खाली घेतला. यंत्र आहे ना, यंत्रानं सांगावं, असं मी मनात म्हणाले. इथपर्यंतचं कदाचित कुणी माफ करेल, पोर होती, घाबरली, म्हणेल. पण त्यानंतर मी उजवी बाजू मुद्दाम उघडी ठेवायला लागले. हात उंच धरून तिला जागा दाखवायची, ती तिथे यायची, पांढरा दिवा लागायचा, ती पेटीकडे बघत गोंधळलेली असायची आणि पुढच्या झटापटीत मी गुण घ्यायची. पाच-चार अशी मी जिंकले. यमुनानं मुखवटा काढला, माझ्याशी हात मिळवला आणि स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. सर तिला हळूच म्हणाले, "ऐन वेळी नेम हलला तुझा."

पुढच्या रविवारी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आली. नेहमीसारखी, नागलीचं पीठ घेऊन. मोरीशी बसून मोजे पिळू लागली आणि आईला म्हणाली, "काकू, माझा हात बिघडला. नीट मारते, पण लागतच नाय." आईनं तिचा हात हातात घेऊन पाहिला, बोटं ओढून पाहिली आणि रात्री तेल लावत जा म्हणाली. मग गोणीतून मोठी चंदेरी वर आली. आईचे डोळे चमकले. तिला आपली हुशारी कुणाला तरी सांगायची होती आणि यमुनाहून चांगलं माणूस कोण. ती म्हणाली, हे बघ, याचा वास कसा घालवला सांगू का, आणि मी जोरात बोलले, आई, तुझी भाजी लागतेय. भाजी लागत नव्हती. आई उठून आत गेली आणि तेवढ्यात मी चंदेरी बादलीत दाबली. आई परत येईपर्यंत मी भलताच विषय काढला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं. त्या दिवशी यमुना एकच भाकरी खाऊन उठली.

द्राक्षाच्या छाटणीनंतरची कामं सुरू झाली तसे तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. मी शाळेत होते, मला नंतर कळलं. आमच्याकडे ती निरोप ठेवून गेली होती की वैशूला सांगा, राज्याला जिंकून ये. राज्याच्या स्पर्धेत सामान तपासायला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी तपासणीची तार छाती-पाठीला लावून न थांबता काखेखालीही फिरवली, दोनदा फिरवली आणि चंदेरी बाजूला टाकली. म्हणाले, ही मेलीय. दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीची मागून आणलेली चंदेरी घालून मी पहिल्याच फेरीत सगळ्या लढती हरले. परतीच्या गाडीत मनमाड गेल्यावर सरांनी विचारलं, निवडीच्या दिवशीही ती अशीच होती का? मी म्हणाले, नाही सर, नंतर घामानं गेली असेल. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि गोणीही पुन्हा माझ्याकडे दिली नाही. घराला भाकरीचा वास परत आला. आई म्हणायची, कशी मोकळी हवा झाली.

आता माझी पन्नाशी जवळ आली आहे. आई थकली, डोळ्यांना कमी दिसतं, तरी दिवाळीला चिंच तीच भिजवते आणि चाळीतल्या नव्या सुनांना सांगते की माझ्या लेकीच्या लोखंडी जॅकेटचा वास मी घालवला होता. मी तिला कधी सांगितलं नाही. तिला काय सांगणार, वास तिनं घालवला, बाकीचं मी केलं.

मागच्या वर्षी जुन्या सीबीएस स्टँडवर मला मागून कुणी तरी वैशू म्हणून हाक मारली. त्या नावानं मला आता हाक मारणारं आईशिवाय कुणी नाही. यमुना होती. केस पांढरे, हाडं तशीच टणक, हातात नागलीच्या पापडांची पिशवी. त्यांच्या बचत गटाचा स्टॉल होता शहरात. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी, शेवटची. यमुनानं आधी आईची चौकशी केली, ठेच्याची आठवण काढली, पापडांची दोन पाकिटं माझ्या हातात कोंबली. मग मुलीला सांगितलं, "ही काकूंची वैशू. हिनं माला हरवलं व्हतं." असं म्हणाली की जणू त्यात तिचाच मोठेपणा होता. मुलीला शाळेनं तिरंदाजीसाठी निवडलं होतं, नाशिकला ठेवा म्हणून शिक्षक दोनदा घरी येऊन गेले होते. मी म्हणाले, मग ठेव की. यमुनानं मान हलवली.

"नको बाई. आमच्याकडं नेमच नाय. माझा ऐन वेळेला गेला, हिचा कुठून येल? उगा पोरीला आशा लावायची."

मी मुलीकडे बघून म्हणाले की तुझ्या आईचा नेम आमच्या सगळ्यांत चांगला होता. यमुना हसली आणि म्हणाली, "काकूंवर गेली ही. मन राखायचं यांच्या घरातच हाय." पण मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे सरळ बघत होती, आईचेच डोळे.

"मग आई हरली कशी?"

गाडी लागायला वेळ होता. गर्दी नव्हती. घाईही नव्हती. कुणी मध्ये आलं नाही, कुणी हाक मारली नाही. मी म्हणाले, "तो दिवस तिचा नव्हता." मुलीनं समजल्यासारखी मान डोलावली आणि आईच्या पिशवीचा एक बंद हातात घेतला.

चूक जॅकेटची होती, तुझ्या आईचे सगळे वार लागले होते, एवढं साधं वाक्य होतं. ते मी इथे लिहिलं आहे. सुरगाण्याच्या त्या पाड्यावर हे पुस्तक जाणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि मला वाटतं, म्हणूनच मला ते लिहिता आलं.